वृद्धांसाठी स्मार्ट घर

वयस्कर माणसाला आपल्याच घरात सुरक्षितपणे आणि होता होईल तो स्वतःच्या बळावर राहता यावे, यासाठी बसवलेली सेन्सर, आपोआप लागणारे दिवे, विसरलेली शेगडी बंद करणारी उपकरणे, आवाजावर चालणारी साधने आणि या सगळ्यांना बाहेरच्या कुणाशी तरी जोडणारी संपर्कव्यवस्था. एरवीचे स्मार्ट घर सोयीसाठी असते. इथे मूळ प्रश्न निराळा आहे : एकट्या माणसाला काही झाले, तर ते दुसऱ्याला कधी कळणार?

यात पडण्याची भीती सर्वांत मोठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. हाड मोडले नाही, तरी उठता न आल्याने तासन्‌तास जमिनीवर पडून राहणेही जिवावर बेतते. अंगातले पाणी कमी होते, शरीर गार पडते, दाबाखाली राहिलेल्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात.

यावरचा पहिला उपाय म्हणजे बटण. १९७० च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म होरमान आणि अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर यांनी टेलिफोनला जोडलेल्या मदतयंत्रणा उभ्या केल्या. डिब्नर यांची ‘लाइफलाइन’ १९७४ सालची. गळ्यातले बटण दाबले, की केंद्रावरचा माणूस बोलू लागतो. पद्धत आजही चालू आहे आणि तिचा दोषही जुनाच आहे : अंघोळीला जाताना बटण काढून खुंटीला अडकवले जाते, आणि पाय घसरतो तो नेमका तिथेच. बेशुद्ध माणसाला तर गळ्यातल्या बटणाचाही उपयोग नाही.

म्हणून पुढची साधने माणसाने काही न करता त्याची खबर देणारी निघाली. जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये आणलेली विजेची किटली हे त्यातले सुरेख उदाहरण. चहासाठी पाणी घेतले, की तिच्यातून तशी नोंद जाते आणि दूर राहणाऱ्या मुलांना ती ई-मेलने कळते. रोज सकाळी चहा करणाऱ्या आईने आज किटलीला हातच लावला नाही, तर फोन करून पाहायचे. या क्षेत्रातले बरेचसे शहाणपण या एका किटलीत आले आहे. अपघात ‘पाहण्या’पेक्षा मोडलेला दिनक्रम ओळखणे सोपे असते आणि माणसाला ते कमी टोचते.

आज हेच काम दारावरचे, पलंगाखालचे आणि भिंतीवरचे सेन्सर करतात. भिंतीवरचा नेहमीचा सेन्सर अंगातून निघणाऱ्या अवरक्त (उष्णतेच्या) किरणांतला बदल टिपतो. त्यामुळे आजोबा खुर्चीत स्तब्ध बसले, की त्याच्या लेखी खोली रिकामी. अगदी आखूड रेडिओ तरंग सोडून परत येणारे तरंग टिपणाऱ्या मिलिमीटर तरंगांच्या रडारला श्वासागणिक हलणारी छातीही जाणवते, अंधाराची अडचण नसते आणि चित्र उमटत नसल्याने ते न्हाणीघरातही लावता येते. मनगटी घड्याळे झटका आणि त्यानंतरची निश्चलता मोजतात. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ मध्ये आली. सुमारे मिनिटभर हालचाल झाली नाही, तर ते स्वतःच आपत्कालीन सेवेला फोन लावते. मात्र भिंतीला धरून सावकाश खाली घसरलेला माणूस अशा घड्याळाच्या नजरेतून सुटू शकतो.

नोंदी साठत गेल्या, की त्यांतून आजाराची चाहूलही लागते. अमेरिकेत मिझुरीतील कोलंबिया येथे २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘टायगरप्लेस’ या निवाससंकुलात संशोधकांनी घरांत सेन्सर बसवून त्यांच्या सूचना परिचारिकांपर्यंत पोहोचवल्या. रात्री शौचालयाच्या फेऱ्या अचानक वाढणे हे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असू शकते, आणि ते रुग्णाने सांगण्याआधी नोंदीत दिसते. पण तिथे ती सूचना वाचायला परिचारिका होती, हे विसरून चालत नाही. इंग्लंडमध्ये २००८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीच्या सुमारे २,६०० जणांच्या गटात घरातील दूरदेखरेखीमुळे वर्षभरात रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे आढळले नाही. उलट सरकणाऱ्या सतरंज्या काढणे, कठडे बसवणे, उजेड वाढवणे अशा साध्या बदलांनी पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते, असा निष्कर्ष कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या समीक्षेत निघाला. कठड्याला पासवर्ड लागत नाही, आणि वीज गेली तरी तो जागचा हलत नाही.

वीज आणि इंटरनेट हा खरोखरच नाजूक भाग आहे. ब्रिटनमध्ये जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारांवरची सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले, तेव्हा त्याच तारांवर चालणाऱ्या मदतबटणांचे काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. खोट्या सूचनांचा उपद्रव वेगळाच. कुणी धपकन खुर्चीत बसले तरी घड्याळ ओरडते, आणि असे तीनचार वेळा झाले, की मुलगा सूचनांचा आवाज बंद करून टाकतो.

संमतीचा प्रश्न बसवण्याच्या दिवशी संपत नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल, तर माणूस स्वतः ठरवू शकतो तोवरच त्याला विचारून घ्यावे लागते. काय नोंदले जाणार आणि ते कोण पाहणार, हे दोन्ही त्याला ठाऊक हवे. ‘आज इतक्या उशिरा का उठलीस?’ असा फोन रोज येऊ लागला, तर तो टाळण्यासाठी पहाटेच फ्रिजचे दार एकदा उघडून मिटायचे आणि पुन्हा जाऊन झोपायचे, अशी सवय लागू शकते. नोंदीत मग सगळे ठीक दिसते.