चौघांच्या टेबलासाठी डेक: कमांडर खेळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"जरा बघून द्या" म्हणून आमच्याकडे मॅजिक या पत्त्यांच्या खेळाचे जे डेक (खेळायला बांधलेल्या पानांच्या गड्ड्या) येतात, त्यांत एक चूक वारंवार दिसते. डेक दोघांच्या झुंजीसाठी बांधलेला असतो आणि खेळायचा असतो चौघांत. पानं चांगली असतात, कमांडर (डेकचा म्होरक्या म्हणून निवडलेलं पान) आवडीचा असतो, तरी तीन-चार डावांनंतर खेळाडू हिरमुसून म्हणतो, "माझा डेक चालतच नाही." नवीन पानं विकत घेण्याआधी हे पत्रक वाचा. बरेचदा दहा-बारा पानांची अदलाबदल पुरते, आणि त्यातली निम्मी तुमच्या घरच्या डब्यात आधीच पडून असतात.

हा प्रकार मुळातच चारचौघांचा

मॅजिक: द गॅदरिंग हा रिचर्ड गारफील्ड यांचा खेळ १९९३ साली आला. कमांडर हा त्यातला प्रकार पुढे खेळाडूंनीच घडवला. १९९४च्या लेजेंड्स या संचातल्या पाच एल्डर ड्रॅगनांवरून त्याचं जुनं नाव एल्डर ड्रॅगन हायलँडर असं पडलं. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने त्यासाठी तयार डेक काढले ते २०११ साली, आणि नियमांचा कारभार कंपनीकडे गेला तो २०२४मध्ये.

नियम थोडक्यात असे. कमांडर धरून १०० पानं. बेसिक लँड (मॅना, म्हणजे पान खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी साधी पानं) सोडल्या तर कुठलंही पान एकदाच. कमांडरच्या किमतीत किंवा मजकुरात ज्या रंगांची मॅनाचिन्हं आहेत, त्यांच्याबाहेरच्या रंगाचं चिन्ह असलेलं पान डेकमध्ये चालत नाही. प्रत्येकाला ४० लाइफ, आणि एकाच कमांडरकडून लढाईत एकूण २१ डॅमेज बसलं की तो खेळाडू बाद.

आता चौघे बसलेत असं धरून हिशोब करा. तुमच्यासमोर तिघांचे मिळून १२० लाइफ आहेत. पहिल्या पाच टर्नमध्ये एकाला लोळवायला बांधलेला डेक ते काम करतोही, पण तोवर त्याचा हात रिकामा झालेला असतो आणि ताजेतवाने दोघे समोर उरलेले असतात.

एकास एक हा तोट्याचा व्यवहार

समजा एकाने मोठं क्रीचर (लढणारं पान) उतरवलं आणि तुम्ही ते हटवणारं स्वोर्ड्स टु प्लाउशेअर्स हे पान टाकलं. दोघांच्या डावात हा चोख व्यवहार आहे: त्याचं एक पान गेलं, तुमचं एक गेलं, आणि तुमचा खर्च फक्त एक मॅना. चौघांत त्याच क्षणी बाकी दोघांचं काहीच गेलेलं नसतं. तुम्ही दोघे एकेका पानाने मागे पडलात आणि ते दोघे बसल्या जागी पुढे सरकले. असे पाच-सहा व्यवहार केलेत की टेबलावरची सगळी चौकीदारी तुम्ही केलेली असते आणि डाव भलताच कोणी जिंकतो.

म्हणून पान निवडताना त्याचा मजकूर नीट वाचा. त्यात एकच विरोधक निवडायला सांगितलंय की "प्रत्येक विरोधक" म्हटलंय? तीन लाइफ घालवणारं पान पहिल्या प्रकारात १२०पैकी तीन घालवतं, दुसऱ्या प्रकारात नऊ. रिस्टिक स्टडी हे निळं पान चौघांच्या टेबलावर इतकं दबदबा राखून आहे त्याचं कारण हेच. कुठलाही विरोधक स्पेल (लँड सोडून कुठलंही पान) टाकतो तेव्हा त्याने एक जादा मॅना भरला नाही तर तुम्ही पान ओढता. दोघांत ते एका माणसाकडून वसुली करतं, इथे तिघांकडून.

याचा अर्थ एकेरी रिमूव्हल (विरोधकाचं एकच पान हटवणारी पानं) काढून टाका असा नाही. कोणी डाव संपवणारा कॉम्बो (एकमेकांना पूरक पानांची जुळणी) जुळवत असेल तर तो त्या क्षणी थांबवावाच लागतो, आणि तिथे इन्स्टंटला (दुसऱ्याच्या टर्नमध्येही टाकता येणाऱ्या पानाला) पर्याय नाही. आठच्या आसपास अशी पानं ठेवा आणि ती खरोखरच्या संकटासाठी राखून ठेवा. टेबलावरचं प्रत्येक मोठं क्रीचर तुमचं संकट नसतं. ते दुसऱ्यावर चालून जाणार असेल तर जाऊ द्या.

लँड: जिथे सगळे हात आखडता घेतात

आवडीचं पान डेकमध्ये बसवायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड लँडवर पडते. ३७च्या ३५ होतात, मग ३४, मग ३२. आमच्या मते हीच काटकसर सगळ्यांत महाग पडते, म्हणून इथे आकडे देतो.

कमांडर बाजूला ठेवला की पिसायला उरतात ९९ पानं. त्यांत ३२ लँड असतील तर पहिल्या सात पानांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता १००त सुमारे २७. लँड ३७ केल्या की ती १९वर येते. चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही अकरा पानं पाहिलेली असतात, कारण चौघांच्या डावात सुरुवात करणाऱ्यालाही पहिल्या टर्नचं पान ओढता येतं. त्या अकरांत ३७ लँडच्या डेकमध्ये सरासरी चारहून किंचित जास्त लँड येतात, ३२च्या डेकमध्ये साडेतीन. कागदावर हा फरक अर्ध्या लँडचा दिसतो, पण चार मॅनाचा कमांडर चौथ्या टर्नला उतरणार की सहाव्या, ते त्या अर्ध्यावर ठरतं. वाईट हात आला तर पहिला मलिगन (हात परत पिसून नवा घेणं) या प्रकारात फुकट असतो, पण फुकट मलिगनच्या भरवशावर लँड कमी करू नका. दुसरा हातही त्याच ९९ पानांतून येणार असतो.

लँडच्या जोडीला रॅम्प (मॅना लवकर वाढवणारी पानं) हवा. सोल रिंग जवळजवळ प्रत्येक तयार डेकमध्ये असते, हिरव्या रंगात रॅम्पंट ग्रोथ आणि कल्टिव्हेट आहेत. रॅम्पची दहा पानं ठेवलीत तर पहिल्या सातांत निदान एक येण्याची शक्यता १००त ५४, बारा ठेवलीत तर ६१. दोन मॅनाचा रॅम्प तीन मॅनाच्या रॅम्पपेक्षा आधी निवडा, कारण त्याच्यामुळे तिसऱ्या टर्नला चार मॅना हातात येतात.

पान ओढण्याच्या सोयीलाही तितकीच जागा द्या, म्हणजे दहाच्या आसपास. एकदा दोन पानं देऊन संपणाऱ्या पानापेक्षा दर टर्नला एक देणारं पान इथे जास्त उपयोगाचं, कारण चौघांचा डाव लांबतो. तुमचा कमांडरच पानं ओढून देत असेल तर ही संख्या थोडी कमी चालेल.

बोर्ड वाइप किती?

बोर्ड वाइप, म्हणजे रॅथ ऑफ गॉडसारखं पान, चार मॅनात सगळ्यांची क्रीचर्स साफ करतं. ते ठेवावं की नाही यावर वाद नाही, किती ठेवावीत यावर आहे. तीन ठेवलीत तर सहाव्या टर्नपर्यंत पाहिलेल्या तेरा पानांत निदान एक येण्याची शक्यता १००त ३५, चार ठेवलीत तर ४४. क्रीचर्सवर उभ्या असलेल्या डेकला दोन-तीन पुरे, सावकाश खेळणाऱ्याला चार-पाच हवीत.

मात्र एक विनंती आहे. वाइप टाकल्यावर पुढे काय, हे ठरल्याशिवाय तो टाकू नका. सगळं साफ झालं, तुमच्याही हातात काही नाही आणि डाव अर्धा तास लांबला, असं झालं की टेबलावरचे सगळेच कंटाळतात. वाइपनंतर कमांडर लगेच पुन्हा उतरवता येईल इतका मॅना असेल तेव्हा टाका.

इथेच कमांडरच्या किमतीचा प्रश्न येतो. कमांड झोनमधून (कमांडरच्या राखीव जागेतून) तो दर वेळी पुन्हा उतरवताना दोन मॅना जास्त लागतात. चार मॅनाचा कमांडर दुसऱ्यांदा सहाला, तिसऱ्यांदा आठला पडतो. सात मॅनाचा कमांडर दुसऱ्यांदाच नऊला. तो नसतानाही डेक चालला पाहिजे. आमच्याकडे डेक आला की आम्ही कमांडर झाकून उरलेली ९९ पानं वाचतो. त्यावरून हा डेक काय करू पाहतोय हे कळलं नाही, तर तो एका स्वोर्ड्समध्ये कोसळतो.

टेबलावर बसल्यावर

डेक बांधून झाला, आता माणसं. सगळ्यांत आधी कोण पुढे आहे ते ओळखायला शिका, आणि त्यासाठी लाइफकडे बघू नका. ज्याच्या हातात सात पानं आहेत आणि समोर आठ लँड आहेत, तो २० लाइफवर असला तरी पुढे आहे. ज्याच्यासमोर एक भलंमोठं क्रीचर आणि हातात एकही पान नाही, तो वाटतो तितका धोकादायक नाही.

हल्ला वाटून करता येतो. तुमचं प्रत्येक क्रीचर वेगळ्या खेळाडूवर जाऊ शकतं, ही गोष्ट नवीन खेळाडू हमखास विसरतात. सगळी ताकद एकावर ओतून वैर घेण्यापेक्षा, ज्याच्याकडे ब्लॉकर (हल्ला अडवणारी क्रीचर्स) नाहीत त्याच्यावर एक-दोन पाठवा. आणि हल्ल्यानंतर तीन विरोधकांचे टर्न येणार आहेत हे लक्षात ठेवून घरी राखण ठेवा. प्रोपगंडा किंवा घोस्टली प्रिझन अशा वेळी फार उपयोगी पडतात. तुमच्यावर येणाऱ्या दर क्रीचरमागे दोन मॅना भरावे लागत असतील तर तो खर्च टाळून शेजाऱ्याकडे वळणं सगळ्यांना सोपं वाटतं.

उत्तर देण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. कोणी स्पेल टाकला की प्रतिसादाची संधी त्याच्यापासून टर्नच्या क्रमाने फिरते. तुमच्यानंतर बसलेल्याकडे दोन निळे मॅना मोकळे दिसत असतील तर तुमचं काउंटरस्पेल (स्पेल रद्द करणारं पान) राखून तुम्ही गप्प बसू शकता, पण तो जोखमीचा सौदा आहे. त्याच्या हातात ते पान असेलच असं नाही. स्पेल डाव संपवणारा असेल तर दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका.

तह करायला मनाई नाही. मात्र नियमांनुसार तो कोणावरही बंधनकारक नाही, म्हणून छोटा आणि मुदतीचा करा: "तुझ्या पुढच्या टर्नपर्यंत तू माझ्यावर येऊ नकोस, मी ते एन्चांटमेंट काढतो." दिलेला शब्द पाळा. पुढच्या आठवड्यातही याच माणसांसोबत बसायचं असतं.

माणसं आपसांत भिडावीत म्हणून केलेली दोन साधनं २०१६च्या कॉन्स्पिरसी: टेक द क्राउन या संचात आली, आणि आम्हाला दोन्ही मनापासून आवडतात. मोनार्क (मुकुटधारी) झालेला खेळाडू आपल्या टर्नच्या शेवटी एक पान ओढतो, पण कोणाच्या क्रीचरने त्याला लढाईत डॅमेज दिलं की मुकुट ते क्रीचर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे जातो. तुम्ही 'गोड' (goad, म्हणजे डिवचणं) केलेलं क्रीचर तुमचा पुढचा टर्न येईपर्यंत प्रत्येक लढाईत शक्य असेल तर हल्ला करतंच, आणि शक्यतो तुम्हाला सोडून इतरांवर. तटबंदी करून बसलेल्या टेबलाला याने गती येते.

शेवटच्या टप्प्यात एक नियम घात करतो. खेळाडू बाद झाला की त्याच्या मालकीचं प्रत्येक पान खेळातून निघून जातं, तुम्ही ताबा घेतलेलं क्रीचरसुद्धा. उसन्या ब्लॉकरच्या आधारावर उभे असाल तर त्याच्या मालकाला बाद करण्याआधी दोनदा मोजा.

खेळाआधीचं बोलणं

२०२५मध्ये डेकची ताकद सांगण्यासाठी पाच ब्रॅकेटची (स्तरांची) पद्धत आली. तिच्यासोबत गेम चेंजर (डावाचं पारडं फिरवणाऱ्या) पानांची यादी आहे, रिस्टिक स्टडी तिच्यातच आहे. पहिल्या दोन ब्रॅकेटमध्ये या यादीतलं एकही पान चालत नाही, तिसऱ्यात तीनपर्यंत चालतात, पुढच्या दोनांत मर्यादा नाही. यादी बदलत राहते, म्हणून महागडं पान घेण्याआधी एकदा पाहून घ्या. पण नुसता आकडा सांगून थांबू नका. डेक साधारण कितव्या टर्नला जिंकतो आणि त्यात न संपणारे कॉम्बो आहेत का, एवढं सांगितलंत तरी चौघांचा डाव बराच सारखा होतो.

डेक आमच्याकडे तपासायला देताना

पानं स्लीव्हमध्ये (पानांच्या संरक्षक पाकिटांत) असतील तर सगळ्यांचे स्लीव्ह एकाच रंगाचे आणि एकाच बनावटीचे असू द्या. सोबत एका कागदावर चार गोष्टी लिहा: कमांडर कोण, लँड किती, डेक जिंकतो कसा, आणि गेल्या तीन डावांत तुम्ही कशामुळे हरलात. शेवटच्या उत्तराला वेळ द्या. "मॅना आला नाही", "हात रिकामा झाला", "तिघेही माझ्यावर आले" अशी नेमकी नोंद असेल तर कोणती पानं काढायची आणि कोणती घालायची ते आम्हाला लवकर सांगता येतं. जी काढायची नाहीत अशी आवडीची पाच पानंही लिहून ठेवा. त्यांना आम्ही हात लावत नाही.