पिया सुंधागे

पिया सुंधागे (जन्म : १३ फेब्रुवारी १९६०, उलरिसेहाम्न, स्वीडन) या स्वीडिश फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक असून अमेरिका, स्वीडन, ब्राझील व स्वित्झर्लंड या चार देशांच्या महिला संघांचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी सांभाळले आहे. अमेरिकेबरोबर ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके आणि स्वीडनबरोबर एक रौप्यपदक ही त्यांची सर्वांत मोठी कमाई होय.

स्वीडनच्या राष्ट्रीय संघात त्या १९७५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी आल्या आणि १९९६ पर्यंत १४६ सामन्यांत त्यांनी ७१ गोल केले. महिलांच्या पहिल्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत, १९८४ मध्ये, स्वीडन आणि इंग्लंड यांनी आपापल्या मैदानावर प्रत्येकी एक सामना १–० असा जिंकला. स्वीडनचा तो एकमेव गोल सुंधागे यांचा होता आणि बरोबरी फोडण्यासाठी इंग्लंडमधील ल्यूटन येथे झालेल्या पेनल्टी शूटआउटमधील (दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पेनल्टींमधील) निर्णायक पेनल्टीही त्यांनीच मारली. पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्यांच्या कारकिर्दीची बहुतेक मोठी वळणे शूटआउटपाशीच आली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

हामारबी या क्लबमध्ये खेळत असतानाच त्यांनी प्रशिक्षणाला सुरुवात केली. २००३ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये बोस्टन ब्रेकर्सच्या मुख्य प्रशिक्षक असताना त्या वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरल्या. २००७ च्या विश्वचषकात त्या चीनच्या संघाच्या साहाय्यक प्रशिक्षक होत्या. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात अमेरिका ब्राझीलकडून ०–४ अशी हरली. ऐन सामन्याआधी नियमित गोलरक्षक होप सोलो हिला संघाबाहेर बसवल्याने त्या संघात उघड फूट पडली होती. हा दुभंगलेला संघ वर्षअखेरीस सुंधागे यांच्या हाती आला. पहिल्याच बैठकीत त्यांनी खेळाडूंपुढे गिटार वाजवून गाणे म्हटले. चुकांवर बोट ठेवण्याआधी जमलेल्या गोष्टी दाखवायच्या, ही त्यांची पद्धत होती, आणि लांब फटक्यांवर विसंबणाऱ्या या संघाला त्यांनी मधल्या फळीतून चेंडू खेळवत नेण्याची सवय लावली.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सलामीलाच नॉर्वेकडून हरलेल्या अमेरिकेने अंतिम सामन्यात जादा वेळेत ब्राझीलला १–० असे नमवले. २०११ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत ॲबी वॉमबाकने १२२व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि अमेरिकेने शूटआउटमध्ये ब्राझीलला बाहेर काढले. मात्र अंतिम सामन्यात जपानने शूटआउटमध्येच अमेरिकेला ३–१ असे हरवले. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकला सुंधागे यांनी कार्ली लॉइडला सुरुवातीच्या अकरांतून वगळले. फ्रान्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात शॅनन बॉक्स जखमी झाली, तिच्या जागी लॉइड उतरली, आणि वेम्बली येथे ८०,२०३ प्रेक्षकांसमोर झालेल्या अंतिम सामन्यात जपानविरुद्ध अमेरिकेचे दोन्ही गोल तिनेच केले. प्रशिक्षकाचा अंदाज चुकला आणि ती चूकच फळाला आली, असे म्हणता येईल. अमेरिकेच्या १०७ सामन्यांपैकी ९१ जिंकून आणि फक्त ६ गमावून त्या मायदेशी परतल्या. २०१२ साठी महिला फुटबॉलमधील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा फिफाचा पुरस्कार त्यांना मिळाला.

स्वीडनबरोबर मात्र त्यांची वाटचाल चढउतारांची राहिली. २०१५ च्या विश्वचषकात संघ गटात एकही सामना जिंकू शकला नाही आणि पुढच्या फेरीत जर्मनीने त्याला ४–१ असे हरवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या गटसाखळीत ब्राझीलकडून १–५ असा पराभव झाल्यावर सुंधागे यांनी संघाचा खेळच पालटला. अमेरिकेला चेंडू खेळवायला शिकवणाऱ्या या प्रशिक्षकाने उपांत्यपूर्व फेरीत त्याच अमेरिकेपुढे संपूर्ण संघ मागे ओढला, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे राहू दिला आणि १–१ अशा बरोबरीनंतर शूटआउट जिंकले. सोलोने स्वीडिश खेळाडूंना भित्र्या म्हटले, तेव्हा जिंकत असू तर भित्रे असायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर सुंधागे यांनी दिले. उपांत्य सामन्यात माराकाना मैदानावर ब्राझीलही गोलशून्य बरोबरीनंतर शूटआउटमध्येच हरला. अंतिम सामना जर्मनीने २–१ असा जिंकला.

२०१९ मध्ये त्या ब्राझीलच्या महिला संघाच्या पहिल्या परदेशी प्रशिक्षक झाल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅनडाने ब्राझीलला शूटआउटमध्ये हरवले. २०२२ चा कोपा अमेरिका ब्राझीलने एकही गोल न स्वीकारता जिंकला, पण २०२३ च्या विश्वचषकात संघ गटातच बाद झाला आणि सुंधागे यांना पद सोडावे लागले. याच काळात, २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मानाउस येथे भारताचा महिला संघ त्यांच्या ब्राझीलशी खेळला. सामना ६–१ असा ब्राझीलने जिंकला; भारताचा गोल मनीषा कल्याणचा होता. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस डेनेरबी हेही स्वीडिशच. २०११ च्या विश्वचषकात त्यांच्या स्वीडनने सुंधागे यांच्या अमेरिकेला गटसाखळीत २–१ असे हरवले होते आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच जागी सुंधागे स्वीडनच्या प्रशिक्षक झाल्या होत्या.

२०२४ च्या सुरुवातीला त्यांनी स्वित्झर्लंडची जबाबदारी घेतली. २०२५ ची युरोपीय स्पर्धा त्याच देशात होती. फिनलंडविरुद्ध भरपाईच्या वेळेत साधलेल्या १–१ अशा बरोबरीमुळे स्वित्झर्लंड प्रथमच या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे बर्नमध्ये स्पेनने सामन्यातील दोन पेनल्टी वाया घालवल्या, तरीही स्वित्झर्लंडला २–० असे हरवले. या वेळी शूटआउटपर्यंत गोष्ट गेलीच नाही.