दोघांचं निम्मं आणि एकटीचं पूर्ण

पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरता भुरभुरता दादाने माझ्या निवृत्तीचा हिशेब एका वाक्यात संपवला. "आमचं दोघांचं महिन्याला 52 हजारांत भागतं, म्हणजे तुला 26 पुरे." वहिनी काही बोलली नाही. मीही तेव्हा मान डोलावली, कारण आकडा सोपा होता. शिवाय तो आणखी एका ठिकाणी चपखल बसत होता, ते पुढे सांगते.

मी पुढच्या वर्षी साठीची होऊन एका खाजगी शाळेतून निवृत्त होतेय. लग्न केलं नाही. इंदूरच्या टिळकनगरमधल्या आई-बाबांच्या घरात एकटीच राहते. 'एकटीला लागतं किती?' हा प्रश्न मला कुणीही विचारला, की उत्तर दादाच देतो आणि ते उत्तर नेहमी निम्मं असतं. दोघांच्या खर्चाचा निम्मा भाग आणि एका माणसाचा पूर्ण खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला सारख्या, म्हणून घोटाळा होतो.

फरक कळायला मी वहिनीची जमाखर्चाची वही मागून घेतली आणि शेजारी माझी ठेवली. दोन्हींतल्या नोंदी दोन ढिगांत पडल्या. एक दाराचा खर्च, म्हणजे घराला दार आहे म्हणून होणारा: मालमत्ता कर, नर्मदेच्या पाण्याची पट्टी, कचरा गाडीची फी, इंटरनेट, कामवाली बाई, गळक्या गच्चीची डागडुजी. दुसरा पोटाचा, म्हणजे माणसागणिक होणारा: दूध, भाजी, औषधं, कपडे, पेट्रोल.

पोटाचा खर्च खरोखर निम्म्यावर येतो. वहिनीकडे 25 हजार, माझ्याकडे 13. थोडा जास्त, कारण कोथिंबिरीची अर्धी जुडी कुणी विकत नाही आणि उरलेली माझ्याकडे पिवळी पडते. दाराच्या खर्चाला मात्र आत किती माणसं आहेत याच्याशी देणंघेणं नाही. त्यांचा 19 हजार, माझा 17. बाई माझ्याकडे दोन ताटं कमी घासते, पण पगार फरशीचा घेते. अपवाद एकच सापडला, विजेचा. मध्य प्रदेशात महिन्याला 150 युनिटपर्यंत वापर राहिला तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. कूलर बंद असतो त्या महिन्यांत मी या मर्यादेत राहते, दादाचं घर कधीच राहत नाही. तेवढीच एकटेपणाची कमाई.

आहेर हा तिसराच प्रकार. लग्नाला दोघं गेले तर पाकीट एक, मी गेले तरी एक, आणि 'एकटी आली' म्हणून मी त्यात अडीचशे घालू शकत नाही. दोन्ही वह्यांत 3 हजार. प्रवासाचंही तसंच. यात्रा कंपन्यांचे दर दोघांत एक खोली धरून असतात, एकटीला वेगळी खोली हवी तर वरचे पैसे मोजायचे. त्यांचे महिन्याकाठी 5 हजार, माझे 3.

बेरीज केली. त्यांचे 52, माझे 36. निम्मे नव्हेत, सुमारे 70 टक्के. हे काही माझ्या घरचं नवल नाही. वेगवेगळ्या आकाराच्या कुटुंबांची तुलना करताना अर्थशास्त्रज्ञ एक साधी रीत वापरतात, घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ घ्यायचं. दोघांना एकाच्या 1.41 पट लागतं, उलट बघितलं तर एकाला दोघांच्या 71 टक्के. 52 हजारांचे होतात 36,770. कोथिंबिरीसकट माझा हिशेब जवळपास तिथेच आला.

पण या रीतीतही एक खर्च दिसत नाही, आणि माझं खरं भांडण त्याच्यासाठी आहे. दोन्ही वह्यांत तो शून्य आहे, फक्त कारणं वेगळी. वहिनीचा मोतीबिंदू काढला तेव्हा दादा सोबत बसला, डोळ्यात थेंब घातले, गाडी चालवली, विम्याचे कागद सांभाळले. वहीत त्याची नोंद नाही, कारण त्याने बिल लावलं नाही. माझी नोंद नाही कारण मी अजून धडधाकट आहे, स्कूटी चालवते, स्टुलावर चढून दिवा बदलते. सत्तरीनंतर या प्रत्येक कामाला माणूस लागेल आणि तो पैसे घेईल. याला मी बदली खर्च म्हणते. जोडीदाराच्या जागी ठेवलेली बदली. आत्ताच्या भावाने महिना 5 हजार धरले, तेही जपून. रात्री दवाखान्यात थांबणारी बाई चार दिवस लागली तर यातलं काही उरणार नाही. एकूण झाले 41 हजार.

आता तो चपखल बसलेला आकडा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावे 9 लाख. एप्रिल 2023 मध्ये या मर्यादा वाढल्या, तेव्हाच्या तिमाहीचे दर 8.2 आणि 7.4 टक्के धरले तर महिन्याला 20,500 आणि 5,550. मिळून 26,050. दादाच्या निम्म्याला अगदी टेकून! पीएफ आणि आईने मागे ठेवलेले पैसे मिळून माझ्याकडे या दोन खात्यांपुरते आहेत, त्यामुळे मी आठवडाभर खूश होते. गरज आणि मिळकत एका आकड्यावर भेटली, की गरजेचा आकडा पुन्हा तपासावासा वाटत नाही. प्रत्यक्षात महिन्याला 15 हजार कमी पडतात, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. तेवढं व्याज 8.2 टक्क्यांनी मिळवायला सुमारे 22 लाख आणखी लागतील. शिवाय व्याज तिथेच राहतं आणि 6 टक्के महागाईने 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो, ते वेगळंच.

सरकारला हा फरक अर्धवट कळलेला दिसतो. त्याच मासिक उत्पन्न योजनेत जोडखात्याची मर्यादा 15 लाख आहे, 18 नाही. 70 वर्षांवरच्यांना आयुष्मान भारतमधून मिळणारं 5 लाखांचं संरक्षण कुटुंबाला मिळून आहे. नवरा-बायको ते वाटून घेतील, मला मात्र अख्खं मिळेल. आणि ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून आयुष्यभराची पेन्शन, घेताना 'मूळ रक्कम वारसाला परत' या पर्यायासाठी कमी पेन्शन पत्करायची गरज मला नाही. मागे ठेवायला कुणी नाही याचा फायदा एकदाच होतो, तो इथे.

हे सगळं कागदावर मांडून रविवारी दादाला दाखवलं. तो केंद्र सरकारातून निवृत्त झालाय, त्यामुळे टक्केवारी त्याला लगेच भावते. शेवटच्या मूळ पगाराच्या 50 टक्के त्याची पेन्शन. त्याच्यामागे वहिनीला, सुरुवातीचा वाढीव दर सोडला तर, 30 टक्के. म्हणजे आजच्या पेन्शनच्या 60. तो माझ्या कागदावरचं 41 भागिले 52 करत होता. 79 टक्के आले, 60 नव्हेत. त्याने कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा केलं.

"म्हणजे हा हिशेब तुझा एकटीचा नाही," वहिनी पहिल्यांदा बोलली. तिने वही ओढून घेतली आणि कोऱ्या पानावर 'बदली' लिहून खाली दादा करतो ती कामं लिहिली: गाडी, बँक, नेटची बिलं, गॅसचा रेग्युलेटर. चार ओळींत संपली. मग पान उलटून पेन त्याच्या हातात दिलं, आता ती करते ती कामं त्याने लिहायची. मी दुसरा चहा टाकून आले तरी तो लिहीतच होता.