चिमूटभर दारूचा बार: अमेरिकेतल्या खार-रायफलीची पार्श्वभूमी

अमेरिकेत खारीच्या शिकारीला आजही ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, रायफल घेऊन जाणारे लोक आहेत. बत्तीस कॅलिबरच्या, म्हणजे 0.32 इंच भोकाच्या, नळीत बंदुकीची काळी दारू किती भरायची, हा प्रश्न त्यांच्यात हमखास निघतो. उत्तर बहुतेक वेळा 15 ते 30 ग्रेनच्या दरम्यान येतं. 15 ग्रेन म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. हरणासाठी पन्नास कॅलिबरच्या रायफलीत याच्या कितीतरी पट दारू जाते. बार, म्हणजे एका वेळी भरायची दारू, इतका लहान का झाला, हे समजण्यासाठी अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियात जावं लागतं.

जर्मन भाषक मुलुखांतून तिथे आलेल्या कारागिरांनी आपली आखूड, जाड नळीची शिकारी रायफल सोबत आणली. तिची नळी बऱ्याचदा साठ कॅलिबरच्या आसपासची असे. लँकेस्टर परिसरातल्या कारागिरांच्या हाताखाली ती लांबत गेली, चाळीस इंचांच्या पुढे गेली, आणि भोक बारीक होत गेलं. शिसं आणि दारू दोन्ही विकत घ्यायची आणि जंगलात स्वतःच वाहून न्यायची, त्यामुळे काटकसर करण्यावाचून इलाज नव्हता. एका पौंडात 7,000 ग्रेन असतात. तेवढ्या शिशात साठ कॅलिबरच्या सुमारे बावीस गोळ्या ओतता येतात, पन्नासच्या चाळीसेक, छत्तीसच्या शंभरावर आणि बत्तीसच्या दीडशेहून जास्त. पूर्वेकडे अस्वल, हरीण विरळ होत गेलं तशी बारीक नळीची रायफल घरोघर दिसू लागली.

खारी मात्र उदंड होत्या. आपल्या अंगणातल्या पट्टेवाल्या खारीपेक्षा तिथली करडी खार बरीच मोठी, साधारण अर्ध्या किलोची. ती मक्याच्या शेताचा फडशा पाडी. पेनसिल्व्हेनियाच्या वसाहतीने दर खारीमागे तीन पेन्सचं बक्षीस लावलं, तेव्हा 1749 च्या एका वर्षात 8,000 पौंड वाटले गेले. एका पौंडाचे 240 पेन्स, या हिशेबाने सहा लाख चाळीस हजार खारी होतात. तिजोरीला हे झेपेना, म्हणून बक्षीस निम्मं करावं लागलं. ओहायोने 1807 मध्ये कायदाच केला आणि करदात्यांना मारलेल्या खारींच्या डोक्याची कातडी पुरावा म्हणून जमा करायला लावली. तरीही घरच्या चुलीसाठी खार मारणाऱ्याला मांस शाबूत हवं असे. त्यासाठी नेम डोक्यावर धरायचा आणि बार बेताचा भरायचा.

पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन यांनी 1831 मध्ये छापलेलं केंटकीतल्या नेमबाजीचं वर्णन प्रसिद्ध आहे. खार ज्या फांदीला चिकटून बसली आहे, तिची साल नेमकी खारीच्या पोटाखाली फोडायची. उडालेल्या सालीच्या धक्क्यानेच खार मरते आणि अंगाला भोक पडत नाही. हे कसब डॅनियल बून यांनी आपल्याला दाखवलं, असं ऑड्युबन सांगतात. बून 1799 मध्येच, ऑड्युबन अमेरिकेत येण्याआधी, केंटकी सोडून मिसुरीकडे गेले होते, त्यामुळे या भेटीबद्दल इतिहासकार साशंक आहेत. रीत मात्र खरी मानायला हरकत नाही.

त्याच लेखनात दारूच्या मापाचा जुना नियमही आहे. गोळी तळहातावर ठेवायची आणि ती झाकली जाईल इतकी दारू ती ठेवायच्या शिंगातून तिच्यावर ओतायची. शंभर यार्डांच्या आत एवढी दारू पुरेशी मानली जाई. गोळी लहान तर दारू कमी, हे प्रमाण या नियमात आपोआप सांभाळलं जातं. पण तळहात सपाट धरला की खोलगट, यावर माप बरंच बदलतं. म्हणून मला तो सुरुवात करून देणारा नियम वाटतो, त्यापलीकडे नाही. कॅलिबरचा आकडा तितके ग्रेन, हा दुसरा प्रचलित नियम. त्याने बत्तीसच्या नळीत 32 ग्रेन जातात. खारीसाठी हे जरा जास्तच झालं. 45 ग्रेन वजनाची ती इवलीशी गोळी एवढ्या दारूवर आवाजाच्या वेगाच्या दीडपटीहून जोरात सुटते, आणि चुकून धडाला लागली तर मांसाची चाळण होते.

खरं माप ठरे ते गोळ्या झाडून. कमी दारूने सुरुवात करायची, थोडी थोडी वाढवत न्यायची आणि गोळ्या एका जागी पडू लागल्या की थांबायचं. काही जण बर्फावर किंवा पांढऱ्या कापडावर बार उडवून न जळलेले काळे कण पडतात का ते बघत. माप ठरलं की हरणाच्या शिंगाचं टोक पोखरून तेवढीच दारू मावेल असं मापटं करायचं आणि पिशवीच्या पट्ट्याला बांधून टाकायचं. हे मापटं त्या एका रायफलीचंच. त्या काळच्या नळ्या मऊ लोखंडाच्या. आतल्या पिळाच्या खाचा झिजल्या की कारागीर त्या पुन्हा कोरून द्यायचा आणि भोक थोडं मोठं व्हायचं. मग गोळीचा साचा नवा आणि मापटंही नवं. एकाच रायफलीचं कॅलिबर असं पिढी-दोन पिढ्यांत वाढत जाई.

इतक्या लहान बाराला दारूही एकसारखी लागते. 20 ग्रेनमध्ये दोन ग्रेन इकडेतिकडे झाले तर दहा टक्क्यांचा फरक पडतो. फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांच्या देखरेखीखालच्या सरकारी दारूखात्यात शिकलेले एल्युथेर इरेने द्यू पाँ यांनी 1802 मध्ये डेलावेअरच्या ब्रँडीवाइन ओढ्यावर कारखाना उभारला. तिथून उत्तम अमेरिकी दारू मिळू लागली. कण चाळून प्रती लावल्या जात. बारीक नळीसाठी तीन एफची (एफ जितके जास्त, कण तितके बारीक) दारू घ्यायची, ही आजचीही रीत.

या दारूचा तीन चतुर्थांश भाग म्हणजे सोरा, आणि तो मोठ्या प्रमाणावर आपल्याकडून जाई. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक गावठाणातली खारट माती धुऊन, पाणी आटवून तो काढत. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर त्याच कारखानदार घराण्यातले लॅमो द्यू पाँ हाच भारतीय सोरा घ्यायला इंग्लंडला गेले होते. पुढच्याच वर्षी सिनसिनाटीवर हल्ल्याचं सावट आलं, तेव्हा ओहायोतले पंधरा हजारांवर शेतकरी घरच्या बंदुका घेऊन धावून आले. इतिहासात त्यांचं नाव ‘स्क्विरल हंटर्स’, म्हणजे खारीचे शिकारी, असंच राहिलं.

1887 च्या सुमारास बावीस लाँग रायफल काडतूस आलं आणि खारीची शिकार त्याच्याकडे गेली. ठासणीच्या रायफलीची विद्या 1933 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने जपली. तिचे सामने इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी भरतात. आता बंदूक बनवणारे आपापल्या नळीसाठी दारूची किमान-कमाल मर्यादा छापून देतात, आणि अनुभवी माणसंही त्या मर्यादेच्या आतच आपलं माप शोधतात. हे सगळे आकडे काळ्या दारूचे आहेत. त्याच मापट्याने बिनधुराची आधुनिक दारू भरली तर नळी फुटते.