रंग भरणं वेगळं, आर्ट थेरपी वेगळी

मोठ्या माणसांसाठीच्या चित्रं रंगवायच्या वह्या आता आमच्या परभणीतही मिळतात. कुणी त्यांना ध्यान म्हणतं, कुणी थेरपी. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यातून काय होतं ते मी घरातच पाहिलंय, म्हणून हे लिहितेय.

आधी रंग भरण्याबद्दल. दुपारी लाइट गेली की मी दारातल्या उजेडात वही घेऊन बसते. कोयरीची कड आधी हलक्या हाताने गिरवायची, मग आत एकाच दिशेने बारीक रेघा ओढत जायचं. रेघ कडेजवळ आली की हात आपोआप मंदावतो, त्याबरोबर श्वासही. मधेच भिजत घालायची राहिलेली डाळ आठवते, काल कुणी काय बोललं ते आठवतं. मन भटकलं हे लक्षात आलं की नजर पुन्हा पेन्सिलीच्या टोकावर आणायची. हे परत परत आणणं म्हणजेच ध्यान. डोळे मिटून बसलं की ज्यांचं मन जास्तच धावतं, त्यांना हाताला काम दिलेलं मानवतं. माळ ओढणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. टीव्ही बघत रंगवलं तर तो विरंगुळा; त्यातही वाईट काही नाही, पण ते ध्यान नव्हे. आणि लाकडी पेन्सिलीच घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात मेणाचे खडू हातातच मऊ पडतात आणि रंग कडेबाहेर जातो.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत 2005 साली 84 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. आधी त्यांना आयुष्यातला एक भीतीचा प्रसंग लिहायला लावून मन अस्वस्थ केलं. मग काहींना मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, रंगवायला दिलं, काहींना चौकडीची नक्षी आणि काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकडीवाल्यांची चिंता उतरली, कोऱ्या कागदावाल्यांची तशी उतरली नाही. म्हणजे रंगापेक्षा आखून दिलेली चौकट जास्त कामाची. काय काढू, कुठे काढू हे ठरवायचं ओझं ती उचलते.

आर्ट थेरपीत मात्र बहुतेक वेळा सुरुवात त्या कोऱ्या कागदापासूनच होते. तिथे ते ठरवणंच महत्त्वाचं असतं. घर काढलं, पण दार काढलं नाही. सगळी माणसं कागदाच्या एका कोपऱ्यात दाटली. समोर बसलेली शिकलेली व्यक्ती त्याचा परस्पर अर्थ लावत नाही. ती विचारते, थांबते, ऐकते, पुढच्या भेटीत पुन्हा तिथेच येते. चित्र सुंदर झालं का, हा प्रश्नच नसतो. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द 1942 साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगाच्या आरोग्यधामात पडून असताना तो स्वतः चित्रं काढायचा, मग तिथल्या इतर रुग्णांनाही काढायला लावू लागला. पुढे त्यातून रीतसर शिक्षणाची शाखा उभी राहिली. म्हणून कुणी स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवत असेल, तर काय शिकलात, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत, हे बिनधास्त विचारा.

मंडलाच्या वह्यांबरोबर कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाचं नाव हमखास येतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकृती काढायचा, हे खरं. पण तो ती स्वतः काढायचा, दुसऱ्याने आखलेली भरत नव्हता. हा फरक लहान नाही.

आपली ठिपक्यांची रांगोळी कुठे बसते? माझ्या मते ध्यानाच्या बाजूला. ठिपके आधार देतात, चिमूट लक्ष धरून ठेवते.

आता घरातलं सांगते. माझ्या मावसबहिणीचा तरुण मुलगा गेला. पंधराव्या दिवशी मीच तिला रंगांची पेटी आणि वही नेऊन दिली. मन शांत होईल, असं मनापासून वाटलं होतं. तिने तीन पानं फार सुबक भरली, एक रेघ बाहेर नाही. ते बघून मी निर्धास्त झाले. महिन्याभराने ती म्हणाली, “अक्का, रंग भरायले तवर बरं वाटतंय. वही मिटली की तेच.” तोवर तिचं जेवण तुटलं होतं, झोप पहाटे तीनला उडत होती. ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं, कारण औषध देऊन झालंय अशा भ्रमात मी होते.

झोप, भूक, कामात मन लागणं दोन आठवडे बिघडलेलंच असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाकडे जायचं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर त्याच दिवशी. त्याला एकटं सोडायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर रात्रीबेरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतून. तिथे आर्ट थेरपीच मिळेल असं नाही, पण पहिल्यांदा हवं असतं ते ऐकणारं माणूस.

बहिणीला आम्ही डॉक्टरांकडे नेलं. उपचार सुरू आहेत. वही तिने टाकली नाही. दुपारी तासभर ती रंगवते, आणि दर पंधरा दिवसांनी रुग्णालयात जाते तेव्हा वही घरीच ठेवून जाते.