मोटारगाडीचे दोषसंकेत

इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांवर नजर ठेवणाऱ्या गाडीतील संगणकाला एखाद्या सेन्सरकडून अपेक्षेबाहेरचा आकडा आला, की तो आपल्या स्मृतीत जे पाच जागांचे चिन्ह नोंदवून ठेवतो, त्याला दोषसंकेत म्हणतात. गोव्यातल्या गॅरेजांत त्याला नुसते ‘कोड’ म्हणतात आणि तो वाचण्याला ‘स्कॅनर लावणे’. स्कॅनर लावण्याचे सोळा पिनांचे सॉकेट स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या पोटाशी असते. अमेरिकेत ही पद्धत १९९६ पासून सक्तीची झाली. भारतात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला.

पहिल्या अक्षरावरून यंत्रणा कळते : ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडची बाजू, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या संगणकांचा आपसातला तुटलेला संपर्क. पुढचा अंक ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा.

कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगतो, हा समज महागात पडतो. कोड सांगतो ते एवढेच, की अमुक सर्किटमधून येणारा आकडा जुळत नाही. तो सेन्सरमुळे जुळत नसेल, वायरमुळे नसेल किंवा सेन्सर अगदी खरे तेच सांगत असेल. गोव्यात तर वायरिंगवरच आधी संशय घ्यावा. किनाऱ्यावरची खारी हवा आणि जूनपासून चार महिने कोसळणारा पाऊस यांमुळे कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या जोडातल्या, तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढतो, बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर गंजते. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात, तो ताप वेगळाच. नवा सेन्सर मागवण्याआधी कपलर उघडून बघावा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि मल्टिमीटरने अर्थिंगची वायर तपासावी. मेस्त्रीचा अर्धा तास जातो, पण गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतात.

पी०३०१ घ्या. पहिला सिलिंडर मिसिंग करतो, म्हणजे त्यातले पेट्रोल मधूनमधून पेटत नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिली कॉइल काढून तिसऱ्या सिलिंडरवर लावावी, तिसरी पहिल्यावर, आणि गाडी फिरवून आणावी. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच बदलायची. तो पी०३०१ वरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर, कपलर आणि शेवटी कॉम्प्रेशन बघायचे. कॉइल उपसताना प्लगच्या खोबणीत पाणी दिसले, रबराच्या टोपीवर पांढरट रेघ दिसली, तर स्पार्क तिथूनच बाहेर निसटत होता. इंजिनावर पाण्याचा फवारा मारून गाडी धुतली, की हे हमखास होते.

पी०४२० आला, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धूर शुद्ध करणारा भाग, गेला असे ठरवून मोकळे होतात. तो भाग महागडा असतो. सायलेन्सरच्या पुढच्या जोडातून हवा खेचली जात असेल किंवा ऑक्सिजन सेन्सर मंदावला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. ते आधी तपासावे. मात्र इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर मिसिंग इतके जोराचे आहे, की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकील. अशा वेळी गाडी दामटू नये.

नुसता कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. पुसताना त्याच्यासोबतची गोठवलेली नोंदही जाते. दोष घडला तेव्हा इंजिन किती तापले होते, किती फेरे घेत होते, वेग किती होता, हे तीत असते. म्हणून ती आधी वहीत उतरवून घ्यावी. दुरुस्तीनंतर गाडी त्याच परिस्थितीत चालवून बघावी लागते. नोंदीत चढणीवरचा भार दिसत असेल, तर पणजीच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारून काही कळणार नाही. केरीहून चोर्ल्याचा घाट चढावा आणि वर पोचल्यावर पुन्हा स्कॅनर लावावा.