रूझवेल्ट ग्रंथालय व संग्रहालय, हाइड पार्क

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांची कागदपत्रे, पुस्तके व वस्तू जतन करणारी सरकारी संस्था. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या हाइड पार्क गावी, त्यांच्या स्प्रिंगवुड या वडिलोपार्जित घराच्या आवारात ती आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातर्फे चालणाऱ्या अध्यक्षीय ग्रंथालयांपैकी हे पहिले.

पूर्वी अध्यक्षांचे कागद त्यांची खासगी मालमत्ता मानले जात. पद सुटले की ते घरी जात, वारसांत विखुरत, काही नष्टही होत. रूझवेल्टांनी कागद आणि जमीन दोन्ही सरकारला दिली. इमारतीसाठी देणग्या जमवल्या. दगडी इमारतीचा कच्चा आराखडाही त्यांचाच. ३० जून १९४१ रोजी तिचे उद्घाटन झाले. पुढे १९५५च्या कायद्याने ही पद्धत रूढ केली, तर १९७८च्या कायद्याने अध्यक्षांचे अधिकृत दस्तऐवज राष्ट्राच्या मालकीचे ठरले.

संग्रहालयात सर्वाधिक वेळ द्यावा तो रूझवेल्टांच्या १९३६च्या फोर्ड मोटारीपाशी. १९२१मध्ये पोलिओने त्यांचे पाय अधू झाले होते. या गाडीचा क्लच, ब्रेक व वेग हातानेच सांभाळता येई. त्यांची अभ्यासिकाही येथेच आहे. पदावर असताना आपल्याच ग्रंथालयात बसून काम केलेले ते एकमेव अध्यक्ष. त्यांची चाकांची खुर्ची साध्या, बिनहाताच्या खुर्चीला चाके लावून केलेली आहे. अपंगत्व जनतेच्या नजरेआड ठेवण्याची त्यांची धडपड मोटार व खुर्ची या दोन वस्तूंवरून जितकी समजते, तितकी कोणत्याही फलकावरून समजत नाही. जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबणारा १९४२चा आदेशही त्यांचाच. रूझवेल्टांची थोरवी पाहायला आलेल्याने त्याचीही कागदपत्रे पाहिलीच पाहिजेत.

बहुतेक पर्यटक दालने पाहून परततात, पण संस्थेचा खरा प्राण संशोधन कक्षात आहे. तिथे प्राध्यापक असण्याची अट नाही. नोंदणी करून कोणालाही मूळ कागद मागवता येतात. शाईचे पेन चालत नाही, पेन्सिल चालते. अध्यक्षांच्या सचिवांच्या दप्तरात भारतविषयक फायली आहेत. मराठी वाचकाला जवळचा काळ म्हणजे १९४२. त्या वर्षी १ जुलैला गांधीजींनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून रूझवेल्टांना पत्र लिहिले आणि लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराच्या हाती पाठवले. रूझवेल्टांचे उत्तर १ ऑगस्टचे. ९ ऑगस्टला पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली.

न्यूयॉर्क शहरातून हडसन मार्गावरील रेल्वेने पोकिप्सी स्थानकापर्यंत सुमारे २ तास लागतात. तिथून टॅक्सी करावी. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी अनेक फायली ग्रंथालयाने इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत.